सुगरण, खंड्या, टिटवी, घार: टीमच्या नावांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतली आहे. माणसं आणि कंपनी ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कंपनीचं काम होतं दरमहा वर्गणी घेणाऱ्या संस्थांना ती गोळा करण्याची व्यवस्था पुरवण्याचं. बिल तयार करायचं, ठरलेल्या तारखेला सभासदाच्या खात्यातून पैसे घ्यायचे, पावती पाठवायची, चुकलं तर परत करायचे. तांत्रिक विभागात आम्ही ३८ जण होतो. कामाची आखणी आणि टीमची रचना माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून झालं.

सुरुवातीला चार टीम होत्या: ए, बी, सी, डी. ही नावं कुणी ठरवून ठेवलीच नव्हती. विभागाची पहिली विभागणी एक्सेलच्या तक्त्यात झाली, चार रकान्यांत माणसांची नावं भरली, आणि रकान्यावरचं अक्षर टीमला चिकटलं. तेव्हा वाटलं होतं की अक्षराइतकं निरुपद्रवी नाव दुसरं नाही.

वर्षभरात त्याचा त्रास दिसायला लागला. ‘बी टीम’ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात राखीव खेळाडू येतात. आमच्याकडे बी टीम सगळ्यात किचकट काम करत होती, पैशांची देवाणघेवाण. तरी मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराने अगदी सरळपणे विचारलं, “ए टीममध्ये जागा नाही का?” बी टीमचा प्रमुख समोरच बसला होता. तो काही बोलला नाही, हातातल्या कागदावर रेघा मारत राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नावांचा गंभीरपणे विचार केला.

मानसशास्त्र शिकलेल्या एका सहकारी बाईंनी तेव्हा हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांची आठवण करून दिली. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्याने १४-१५ वर्षांच्या मुलांचे गट पाडले. मुलांना सांगितलं की तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली की कांडिन्स्कीची, त्यावरून हे गट आहेत. प्रत्यक्षात विभागणी कशीही केलेली होती. मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती, पण आपल्या गटात कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि पुष्कळदा दुसऱ्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळावं म्हणून एकूण कमी रक्कमही पत्करली. बाईंचं म्हणणं असं की आपलं-परकं करायला माणसाला नुसती एक रेघ पुरते. आम्ही त्या रेघेवर अक्षरांची उतरंडही चढवली होती.

म्हणून पहिला बदल केला. प्रत्येक टीमने आपलं नाव आपण निवडायचं, विषय सगळ्यांना एकच: पक्षी. बिलं तयार करणाऱ्यांनी सुगरण घेतलं, कारण त्यांचं काम विणकामासारखं नेटकं. पैसे घेणारी बी टीम खंड्या झाली, नेमका सूर मारणारी. पावत्या आणि स्मरणपत्रं पाठवणाऱ्यांनी टिटवी निवडलं, रात्रीबेरात्री ओरडून सावध करणारी. सर्व्हर आणि देखरेख बघणारे घार झाले, उंचावरून सगळ्यांवर नजर. सी टीम या फेरबदलात मोडली, तिची माणसं सुगरण आणि खंड्यात विभागली गेली. स्मरणपत्रांचं काम आधी डीकडे होतं, ते एका नव्या छोट्या टीमकडे गेलं. तीच टिटवी.

लोक खूश झाले. सुगरणमधल्या एका नव्या मुलीने घरट्याचं चित्र काढलं, ते सगळ्यांच्या लॅपटॉपवर चिकटलं. त्यांची नवी आवृत्ती बाहेर पडली की गप्पांच्या चॅनेलवर संदेश यायचा: “घरट्यात आणखी एक काडी.”

अडचण

महिन्याची पहिली तारीख, रात्रीचे पावणेबारा. वर्गणी कापली जात होती आणि काही सभासदांच्या खात्यातून दोनदा पैसे गेले. ग्राहक मदत कक्षात रात्रपाळीला एकच जण होता, कंपनीत येऊन त्याला दोन महिने झाले होते. त्याच्यापुढे संपर्कांची यादी होती. तिच्यात चार पक्षी आणि चार फोन नंबर.

त्याने पहिला फोन टिटवीला लावला, कारण तक्रारदाराला दोन पावत्या आल्या होत्या. तिथून त्याला सुगरणकडे पाठवलं. तो संवाद नंतर नोंदीवरून वाचला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

“सर, तुम्ही सुगरण ना?”

“हो. काय झालं?”

“पैसे दोनदा कापले जाताहेत.”

“आमच्याकडे बिल एकच दिसतंय. खंड्याला लावा.”

“खंड्या म्हणजे पैसे परत करणारे का?”

“परत... ते बहुतेक आम्हीच करतो. म्हणजे नोंद आम्ही करतो. पण आधी कापणं थांबवायला पाहिजे ना, ते खंड्या.”

खंड्याने सांगितलं की आमच्याकडे मागणीच दोनदा आली, आम्ही दोनदा पाठवली. मग ही दुसरी मागणी करतंय कोण? बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही तर पुन्हा प्रयत्न करणारा एक छोटा प्रोग्राम होता. त्याने पहिल्या मागणीचं उत्तर यायची वाट पुरेशी न बघता दुसरी धाडली होती. तो प्रोग्राम जुन्या सी टीमने लिहिलेला. त्यात काही बिघडलं तर इशारा जावा म्हणून जो ईमेल पत्ता दिला होता तोही टीम सीचा. पक्ष्यांची नावं आल्यावर आम्ही तो पत्ता बंद केला होता. म्हणजे इशारा वेळेवर निघाला, पण पोचायला कोणी उरलंच नव्हतं.

योग्य माणूस सापडेपर्यंत सव्वा तास गेला. पैसे परत करायला तीन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सगळ्यांचं बोट नावांकडे होतं. “हे पक्षी-बिक्षी बंद करा,” मदत कक्षाच्या प्रमुख म्हणाल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. नाव निवडणाऱ्याला त्यातला अर्थ दिसतो, बाहेरच्याला नुसता पक्षी दिसतो. आम्ही आठ महिने आतल्या माणसांचं समाधान बघत बसलो होतो. रात्री फोन करणाऱ्या त्या मुलाला नावातून काय कळेल, हा प्रश्न एकदाही आमच्या मनात आला नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय स्वस्त होता: पक्षी राहू द्यायचे, शेजारी कोण काय करतं याचा तक्ता द्यायचा. लगेच करून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात तक्ता शिळा झाला. एक काम टिटवीकडून घारीकडे गेलं आणि तक्त्यात कोणी बदललं नाही.

दुसरा, सरळ कामाची नावं: बिलिंग, पेमेंट, ईमेल, इन्फ्रा सपोर्ट. बाहेरच्याला चटकन कळणारी.

तिसरा पर्याय उत्पादन विभागाने मांडला. ग्राहकाच्या वाटचालीप्रमाणे नावं द्या: नोंदणी, वसुली, निरोप. विचार चांगला होता, कारण ग्राहकाच्या दृष्टीने बिल आणि पेमेंट या वेगळ्या गोष्टी नसतातच. पण आमचा कोड तसा विभागलेला नव्हता, त्यामुळे नाव एक आणि काम दुसरं अशी गत झाली असती. आणि ‘वसुली’! कोणती टीम आनंदाने म्हणेल की आम्ही वसुलीवाले? शब्द कोशात निर्दोष असेल, पण लोकांच्या तोंडी त्याला धाक-दपटशाचा वास आहे.

आकडे द्यावेत असंही कोणी म्हणालं. टीम १ आणि टीम ४ यांत तेच होणार जे ए आणि डीमध्ये झालं. पाच मिनिटांत विषय संपला.

शेवटचा पर्याय जोडनावांचा. अधिकृत नाव कामाचं, टीमच्या आत पक्षी चालू.

या चर्चेत घार टीमच्या एका अनुभवी अभियंत्याने पक्ष्यांची बाजू जोरात मांडली. त्याने लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीतल्या स्कंक वर्क्स या गटाचं उदाहरण दिलं. १९४३मध्ये केली जॉन्सनच्या हाताखालच्या छोट्या गटाने एक्सपी-८० या जेट विमानाचा नमुना १४३ दिवसांत उभा केला. त्या गटाचं टोपणनाव एका चित्रकथेतल्या दुर्गंधी कारखान्यावरून पडलं होतं. नावाचा विमानाशी काही संबंध नाही आणि तरी ते जगभर गाजलं. मी यावर बराच विचार केला. ते नाव कोणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं, एका अभियंत्याने फोन उचलताना गमतीत उच्चारलं होतं. दुसरं म्हणजे, त्या गटाचं काम गुप्त होतं. मध्यरात्री अनोळखी माणसाने त्यांना शोधून काढावं अशी गरजच नव्हती, उलट कोणी शोधू नये हीच गरज. आमची गरज याच्या अगदी उलटी होती.

दुसऱ्या बाजूने एक भीती मांडली गेली: पक्ष्यांच्या नावांमुळेच तट पडलेत. इथे मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा १९५४चा प्रयोग निघाला. ओक्लाहोमातल्या शिबिरात मुलांचे दोन गट, एकाचं नाव रॅटलर्स, दुसऱ्याचं ईगल्स. स्पर्धा लावल्या, बक्षीस एकाच गटाला. पाहता पाहता एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत वेळ आली. पण मला त्या प्रयोगाचा शेवट महत्त्वाचा वाटतो. पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक अडकला, अशा दोघांनी मिळून करायच्या कामांनी तेच वैर उतरलं. नावं तीच होती. तेव्हा आमच्या रात्रीच्या सव्वा तासाचं खापर पक्ष्यांवर फोडून मोकळं होणं मला पटेना. खंड्या आणि सुगरण भांडत नव्हत्या. त्या मुलाला मदत करायची दोघांचीही इच्छा होती. फक्त ते काम आपलं आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं.

निर्णयाची पहिली जागा: आधी वाक्य, मग नाव

कामाची नावं ठेवायची असं ठरलं आणि दोन बैठका ‘बिलिंग’ आणि ‘पेमेंट’ या दोन शब्दांवर गेल्या. सुगरणचं म्हणणं, पेमेंट हा शब्द आमच्याकडेही हवा, कारण पैसे परत करायची नोंद आम्ही करतो. खंड्याचं म्हणणं, मग आम्ही नुसते निरोपे का? कोणी ‘बिलिंग व पेमेंट १’ आणि ‘बिलिंग व पेमेंट २’ सुचवलं. ‘महसूल’ सुचवलं गेलं, ते हिशेब विभागाने नाकारलं. सगळे थकले. शब्दाचा किस पडत होता आणि पुढे काही सरकत नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत मी नावाची चर्चा थांबवली. प्रत्येक टीमला एकेक गठ्ठा कोरी कार्डं दिली आणि एकच प्रश्न विचारला: कोणती गोष्ट बिघडली तर रात्री तुम्हाला उठवायचं? एका कार्डावर एक गोष्ट, आणि दुसऱ्या टीमशी बोलायचं नाही.

वीस मिनिटांनी कार्डं टेबलावर मांडली. ‘पैसे परत करणं’ असं लिहिलेली दोन कार्डं निघाली, एक सुगरणचं, एक खंड्याचं. आणि ‘पुन्हा प्रयत्न’ असं लिहिलेलं एकही नाही. ज्या प्रोग्राममुळे आम्ही सगळे तिथे बसलो होतो, तो कोणाच्याच कार्डावर नव्हता. खोलीत जवळजवळ मिनिटभर कोणी बोललं नाही.

या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा ही. दोन बैठका आम्ही ज्याला नावाचा वाद समजत होतो तो हद्दीचा वाद होता. बांध कुठे घालायचा ते ठरलं नव्हतं म्हणून सातबाऱ्यावर नाव कोणाचं यावर भांडत होतो. पुन्हा प्रयत्न करणं खंड्याकडे गेलं, पैसे परत करण्याचा निर्णय आणि नोंद सुगरणकडे, प्रत्यक्ष पाठवणी खंड्याकडे. हे ठरायला दीड तास लागला. त्यानंतर सुगरणला ‘बिलिंग’ आणि खंड्याला ‘पेमेंट’ हे नाव दहा मिनिटांत मान्य झालं.

निर्णयाची दुसरी जागा, जिथे मी चुकले

जोडनावं नकोत, असं मी ठरवलं. दोन नावं म्हणजे पुन्हा गोंधळ, असं वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी एक ईमेल पाठवली: सोमवारपासून पक्ष्यांची नावं वापरू नयेत.

सोमवारी सुगरणची नवी आवृत्ती बाहेर पडली. चॅनेलवर संदेश आला: “बिलिंग: आवृत्ती प्रकाशित.” इतकंच. पुढच्या आठवड्यातही तेच. मला आधी वाटलं, ठीक आहे, नीटनेटकं झालं. मग लक्षात आलं की पूर्वी त्या काडीच्या संदेशाखाली दुसऱ्या टीमची माणसंही शाबासकी टाकायची, ती बंद झाली. घरट्याचं चित्र काढणाऱ्या मुलीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “ताई, नाव बदलायला हवं होतं हे मलाही पटलं होतं. कार्डांच्या बैठकीत मीच लिहीत होते. पण आम्ही आपसात काय म्हणायचं हे ईमेलने का ठरलं?”

याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या नावाने रात्रीच्या फोनवर घात केला होता, पण आठ महिन्यांत सात माणसांची एक टीमही त्याच नावाभोवती जमली होती. एका गोष्टीसाठी दुसरी मोडायची गरज नव्हती. महिन्याभराने मी तो निर्णय मागे घेतला. बाहेर जिथे जिथे नाव दिसतं तिथे कामाचं नाव, आपसात काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. काडीचा संदेश परत आला, या वेळी सुरुवातीला ‘बिलिंग’ लिहून.

प्रत्यक्ष काय केलं

नाव बदलणं हे फलक बदलण्यासारखं वाटतं, पण नाव किती ठिकाणी रुतून बसलेलं असतं ते शोधायला गेल्यावरच कळतं. गप्पांचे चॅनेल, ईमेल गट, कोडच्या प्रत्येक भागाचा मालक कोण ते सांगणाऱ्या फायली, इशाऱ्यांचे पत्ते, रात्रपाळीचं वेळापत्रक, खर्चाची शीर्षकं, भरतीच्या जाहिराती, नव्या माणसाला देण्याची माहितीपुस्तिका. दोन जणांनी चार दिवस बसून यादी केली. टीम सीचं नाव आणखी तीन ठिकाणी जिवंत सापडलं.

जुना कोणताही पत्ता बंद करायचा नाही, सहा महिने तो नव्या पत्त्याकडे वळता ठेवायचा आणि त्यावर काय येतंय ते बघायचं, असं ठरवलं. याहून महत्त्वाचा बदल असा की इशारे टीमच्या नावाशी न जोडता कामाशी जोडले. ‘पुन्हा प्रयत्न फसला’ हा इशारा आता त्या कामाच्या वेळापत्रकाकडे जातो आणि वेळापत्रक सांगतं की आज रात्री कोण. उद्या टीम मोडली, नाव बदललं, तरी इशाऱ्याला हात लावावा लागत नाही. मदत कक्षाच्या यादीतही टीमच्या नावाआधी लक्षण लिहिलं: “दोनदा पैसे कापले: पेमेंट.”

परिणाम

दोन महिन्यांनी पुन्हा एक रात्रीची तक्रार आली, या वेळी अर्धवट कापलेल्या रकमेची. फोन पहिल्याच प्रयत्नात योग्य टीमला गेला. त्यानंतर मदत कक्षाकडून चुकीच्या टीमला फोन आल्याचं माझ्या कानावर क्वचितच आलं. यातलं श्रेय नावाला किती आणि हद्द ठरवण्याला किती, हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच वेळी केलं. आधी किती फोन चुकत होते याची मोजणीही आमच्याकडे नव्हती. माझं मत विचाराल तर मोठा वाटा हद्दीचा.

दोन नावं मात्र फसली. घार टीमचं ‘इन्फ्रा सपोर्ट’ झालं आणि पंधरा दिवसांत त्यांच्याकडे पासवर्ड विसरल्याच्या, प्रिंटर न चालल्याच्या विनंत्या यायला लागल्या. सपोर्ट म्हटलं की लोकांना हरकाम्या दिसतो. सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं दिवसाचे तास-दोन तास ‘हे आमचं काम नाही’ असं सांगण्यात घालवू लागली. नाव ‘प्लॅटफॉर्म’ केलं, ओघ थांबला.

टिटवीचं ‘ईमेल’ झालं ते अधिक खोलवर नडलं. सहा महिन्यांनी मोबाइलवर सूचना पाठवायचं काम निघालं तेव्हा उत्पादन विभागाने ते परस्पर पेमेंट टीमला दिलं. टिटवीला का नाही, तर “ते ईमेलवाले आहेत ना.” परिणाम असा की स्मरणपत्र पाठवण्याचे दोन वेगळे मार्ग तयार झाले आणि एका सभासदाला एकाच वर्गणीची दोन वेगळ्या भाषेतली स्मरणपत्रं गेली. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८च्या लेखात मांडलं होतं की संस्थेत संवादाची जशी रचना असते तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची होते. आमच्याकडे त्या रचनेत नावाने एक भिंत घातली आणि ती कोडमध्ये उतरली. टीमचं नाव ‘सूचना’ केलं. दोन मार्ग एक करायला मात्र तीन महिने लागले.

आता करायचं झालं तर

कार्डांची बैठक सगळ्यात आधी घेईन, ए-बी-सी-डी बदलतानाच. पक्ष्यांच्या निवडीआधी ती झाली असती तर मोडलेल्या सी टीमचा अनाथ प्रोग्राम तेव्हाच दिसला असता. टीम मोडताना तिच्या माणसांची वाटणी आम्ही काळजीने केली, तिच्या कामांची केलीच नाही.

अधिकृत नाव ठरवताना टीम वापरते त्या साधनाचं नाव देणार नाही. ईमेल हे साधन आहे, सभासदाला वेळेवर कळवणं हे काम. साधनं वर्षभरात बदलतात. शिवाय नाव पक्कं करण्याआधी ते आठवडाभर तोंडी वापरून बघेन, आणि शक्य असेल तर मदत कक्षातल्या सगळ्यात नव्या माणसाला विचारेन की हे ऐकून तुला काय वाटतं, हे लोक काय करत असतील? ‘सपोर्ट’ची चूक या एका प्रश्नाने पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

आणि शुक्रवारची ती ईमेल पाठवणार नाही. चारही टीमसमोर उभं राहून त्या रात्रीचा संवाद वाचून दाखवेन. तो ऐकल्यावर बाहेर कोणतं नाव लावायचं हे त्यांनीच मला सांगितलं असतं, याची मला खात्री आहे.

सध्या विभागात पाचवी टीम उभी राहते आहे, वर्गणी थांबवलेल्या सभासदांच्या हिशेबासाठी. तिची पाच कार्डं लिहून झाली, त्यातल्या एकावर बिलिंगशी अजून बोलणी चालू आहेत. तो प्रश्न सुटेपर्यंत यादीत तिच्या नावाची जागा रिकामी ठेवली आहे.